कर्ता हरवलेला कारखाना

माणसं सांभाळण्यापेक्षा मखमल सांभाळणं सोपं. मखमल निदान रुसत नाही. हे मी पुस्तकात वाचून बोलत नाहीये. आमच्या पडद्यांच्या कारखान्यात माणसं सांभाळायचं काम माझ्या गळ्यात आहे. दारावरच्या पाटीवर मी व्यवस्थापक, पण सगळे मला ताई म्हणतात. आणि एकदा ताई झालं की संपलं. पंखा कोणाच्या अंगावर येतो इथपासून कोणी कोणाकडे वाकडं बघितलं इथपर्यंत सगळी गाऱ्हाणी माझ्याच टेबलावर.

कारखाना म्हणजे एक लांबच लांब खोली. मधोमध कापणीचं टेबल, भिंतीला लागून शिलाईची मशिनं आणि टोकाला काचेची केबिन. शाळा, दवाखाने, हॉटेलं, घरं, सगळीकडचे पडदे आम्ही शिवतो. टेबलावर राज्य मास्तरांचं. साठी केव्हाच उलटली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कानामागे खडू आणि तोंडाचा पट्टा सकाळपासून चालू. "ए, इकडे ये." "अगं, डोळे आहेत का बटणं?" "अरे हळू, कापड आहे ते, म्हैस नाही." मास्तरांच्या जगात सगळे 'तू'. मी 'तू', विजेचा मीटर बघायला येणारा 'तू'. एकदा तर तपासणीला आलेल्या बड्या साहेबालाही त्यांनी "तू जरा बाजूला हो बाबा, उजेड अडतोय" म्हणून सांगितलं होतं. साहेब मुकाट्याने बाजूला झाला.

मास्तरांच्या हाताखाली टाचणी. वय पंचविशीच्या आतलं, अंगाने बारीक, जिभेने टोकदार. नाव मास्तरांनीच ठेवलेलं आणि तिला ते इतकं आवडलं की तिने ते मोबाइलवर स्वतःच्या फोटोखाली लावून टाकलं. ती घरोघरी जाऊन मापं घेते, संगणकावर आखणी करते आणि मास्तरांकडून कापणी शिकते. या दोघांचं भांडण हा आमचा रोजचा रेडिओ. मास्तर सगळ्यांच्या आधी येऊन बसतात. टाचणी सुटायची घंटा झाली की उठते.

"निघालीस? पडदा अर्धा टाकून?"

"मास्तर, पडदा उद्याही इथेच असणार आहे. पळून जाणार आहे का तो?"

एकदा मास्तर तणतणत माझ्याकडे आले. हातात मोबाइल. "बघ, बघ तुझी ती टाचणी! मी हिला ग्रुपवर एवढं सविस्तर विचारतो, रेल्वेचं टाइमटेबल लिहावं तसं, आणि ही मला सरळ अंगठा दाखवते!"

"मास्तर, त्याचा अर्थ 'हो, करते' असा होतो."

"कुठल्या गावात?" मास्तर म्हणाले.

असं आमचं बरं चाललं होतं. भांडत होते, पण पडदे वेळेवर जात होते. मग माशी शिंकली.

मोठ्या शेठजींचे गुडघे बोलायला लागले आणि ते घरी बसले. केबिनमधल्या खुर्चीवर त्यांचे चिरंजीव आले, छोटे शेठ. तसे ते काही परके नाहीत. शाळेतून सुटले की कापणीच्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायचे. खडूने सरळ रेघ मारायला मास्तरांकडून शिकले, दोन-चार शिव्याही मास्तरांकडूनच शिकले. पण आता कडक इस्त्रीचा शर्ट, लॅपटॉप आणि चेहऱ्यावर सतत परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखी काळजी. कुठल्याशा शिबिराला जाऊन आले. विषय होता, निरनिराळ्या पिढ्यांच्या कर्मचाऱ्यांना एकत्र कसं सांभाळावं. मला वाटलं, चला, माझा भार हलका होणार. कसचं काय! आगीतून फुफाट्यात.

दुसऱ्याच सकाळी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. "आजपासून इथे वयाचा मान नाही आणि हुद्द्याचा मान नाही. फक्त कामाचा मान. ताई, मावशी, मास्तर, शेठ हे सगळं बंद. प्रत्येकाने प्रत्येकाला नावाने हाक मारायची आणि 'तू' म्हणायचं."

मशीनवरच्या मावशींनी तोंडाला पदरच लावला. पन्नाशीची बाई, सगळी मशिनं तिच्या हुकमतीत, पण छोट्या शेठना नावाने हाक मारायची म्हटल्यावर तिला घामच फुटला.

मास्तर मात्र खूश. "मग माझं काय बिघडलं? मी सगळ्यांना 'तू'च म्हणतो. आज जग माझ्या मागून आलं!"

"आणि मलाही," छोटे शेठ म्हणाले.

"तुम्हाला?"

"हो. मलाही 'तू'च म्हणायचं."

मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली. चष्मा काढून पुसला. "बघू," म्हणाले, आणि पुन्हा कापडावर वाकले.

त्या दिवशी छोट्या शेठनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं. "ताई... म्हणजे, हे बघ," ते म्हणाले. नियम त्यांनाही झेपत नव्हता. "मास्तरांना जमत नसेल तर महिनाअखेरीस आपण त्यांना छान निरोप देऊ. तू त्यांच्याशी बोल."

"मास्तरांना? अहो, टेबल कोण बघणार?"

"त्यांना माझ्यासोबत काम करायचं नाहीये. ते माझ्याशी बोलत नाहीत."

"मास्तर बोलत नाहीत?" मला हसूच आलं. "त्यांचं तोंड बंद करायला मी नवस बोलायची बाकी आहे."

"तुमच्याशी बोलतात. माझ्याशी नाही," छोटे शेठ म्हणाले आणि लॅपटॉपकडे बघत बसले.

म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा मी बांधायची! ज्यांनी मला कापडाची उलट-सुलट बाजू ओळखायला शिकवलं, त्यांना मीच सांगायचं, की उद्यापासून येऊ नका. संताप संताप झाला. पण नोकरी आहे. दुपारच्या चहाला मी मास्तरांच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, आडून आडून विषय काढू. "घरी कसं काय मास्तर, सगळं ठीक?"

"ठीक म्हणजे फार ठीक," मास्तर म्हणाले. "सून हातात चहा देते, मुलगा म्हणतो बाबा तुम्ही बसा, नात म्हणते आजोबा तुम्ही बसा. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून नुसतं 'तुम्ही बसा'. अगं, बसून बसून माणसाचं फर्निचर होतं. इथे आलं की बरं वाटतं. इथे निदान मी कोणाला तरी उठवतो." मग माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुला काही सांगायचं होतं का?"

"छे, कुठे काय."

"मग दाढ दुखल्यासारखं तोंड का केलंयस?"

मी कप उचलून पळाले.

इकडे नियमाने वेगळंच रूप घेतलं. 'तू' म्हणायचं नाही म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण 'तुम्ही' म्हणायचं नाही म्हटल्यावर सगळ्यांची जीभच अडली. टाचणी सगळ्यांत लहान, तिला तरी सोपं जाईल असं वाटलं होतं. तीच सगळ्यांत जास्त अडखळली. "मास्तर, ती कात्री देता... देतोस... जाऊ दे, मीच घेते." मला येऊन म्हणाली, "ताई, मी बाबांनाही 'अहो बाबा' म्हणते हो. मास्तरांना 'तू' म्हणताना मला कानशिलात बसल्यासारखं होतं." आणि नावाने हाक मारायची तर मास्तरांचं खरं नाव कोणाला ठाऊक होतं? पगारपत्रकात मी ते शोधून काढलं, आणि वाचून मलाच वाटलं, हे गृहस्थ कोण?

पण आपला माणूस हुशार. मराठीत 'तू' आणि 'तुम्ही' दोन्ही टाळायची एक चोरवाट आहे, ती सगळ्यांनी न सांगता शोधली. "कात्री मिळेल का?" "चहा झाला का?" "हे जरा बघितलं जावं." "खिडकी बंद होऊ शकेल का?" वाक्यातून माणूसच काढून टाकला! मावशींसारखी बाई, जी "मेल्या, दोरा आण" म्हणायची, ती म्हणायला लागली, "दोरा आणला जाईल का?" मास्तर इतरांशी बोलताना नेहमीसारखे, पण छोटे शेठ केबिनबाहेर आले की तेही मखमलीकडे बघून बोलायचे. "या रंगाचं काय करायचं ठरलंय, ते कळलं तर बरं होईल." छोटे शेठही मखमलीलाच उत्तर द्यायचे. मग हळूहळू मास्तर इतरांशीही कमी बोलू लागले. रेडिओ बंद पडला. हा कारखाना आहे की सरकारी कचेरी, असं मला वाटायला लागलं. आणि मी काय शहाणी? मीही तशीच बोलत होते.

अशातच एका शाळेच्या सभागृहाचं काम होतं. रंगमंचाचा मोठा पडदा, गडद लाल मखमल. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यक्रम, तेव्हा संध्याकाळच्या आत पडदा चढायलाच हवा होता. कामावर आल्या आल्या मी टेबलाजवळ गेले. एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला टाचणी. मी दोघांच्या मधोमध हवेत बघून म्हटलं, "मोठा पडदा जेवणाच्या सुट्टीपर्यंत कापून व्हायला हवा हं."

मास्तर म्हणाले, "होईल."

टाचणी म्हणाली, "होईल."

झालं. मी निश्चिंत.

जेवणाची सुट्टी संपते न संपते तोच पडदे चढवणारी माणसं शिडी घेऊन दारात. "ताई, मोठा पडदा कुठाय?"

मी मावशींकडे बघितलं. मावशी म्हणाल्या, "आमच्याकडे कापून आलाच नाही." मी टेबलाकडे बघितलं. मखमलीचा तागा जसाच्या तसा, वरची पिशवीसुद्धा काढलेली नाही.

"मास्तर!" मी ओरडले.

"मला काय विचारतेस? मला वाटलं तू तिला सांगितलंस. म्हटलं, आता म्हाताऱ्याला बाजूला सारून नव्यांना मोठी कामं देणार असतील. मी आपला दवाखान्याचे पडदे कापत बसलो."

टाचणीचे डोळे एवढे मोठे. "मला? रंगमंचाचा पडदा? मी अजून कधी मखमलीला कात्री लावलीये का? मला वाटलं मास्तरांनाच सांगितलंय!"

बोंबला! 'होईल, होईल' म्हणत सगळे बसलो होतो, आणि करणारा कोणीच नव्हता.

छोटे शेठ केबिनमधून धावत आले. चेहरा पांढराफटक. "आता?"

"आता काय, कापायचा," मास्तर म्हणाले आणि बाह्या सरसावल्या. गेले कित्येक दिवस जो आवाज ऐकू आला नव्हता, तो आवाज आला. "ए टाचणी, मापं वाच! मोठ्याने! मावशे, मशीन तयार ठेव, एकेक पट्टा आला की टीप मार, सगळ्यांची वाट बघू नकोस. आणि तू गं, उभी काय राहिलीस, तागा सोड!" हे शेवटचं मला.

मी तागा सोडला. टाचणी टेबलावर चढून बसली, पलीकडून खडूच्या खुणा करायला लागली. "मास्तर, अहो तिरकं जातंय, तुमच्या बाजूने ओढा की!" "ओढतोय, ओढतोय, टोचू नकोस." मशिनं सुरू झाली. नियम कुठे गेला, कोणाला आठवलंसुद्धा नाही. मला तर कानात गार वारा शिरल्यासारखं वाटलं.

मखमल जड असते. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ती धरून ठेवायला हात कमी पडत होते. छोटे शेठ पुढे झाले, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या गुंडाळून त्यांनी कापडाचा कोपरा धरला. मास्तरांनी एकदा वर पाहिलं आणि नजर खाली वळवली. "कापड जरा सैल सोडलं जावं," मखमलीला म्हणाले.

छोट्या शेठनी घाबरून उलट जास्तच ओढलं. खुणा सरकल्या. मास्तरांची कात्री कापडाच्या अगदी तोंडाशी.

"अरे ए गाढवा! ओढतोस काय, रस्सीखेच आहे का? सैल सोड, सैल!"

सगळी मशिनं एकदम थांबली. मावशींचा हात तसाच चाकावर. टाचणीने खडू उचलला होता, तो हवेतच.

मास्तरांचा चेहरा उतरला. कात्री टेबलावर ठेवून त्यांनी हात जोडले. "चुकलं छोटे शेठ. तोंडातून गेलं. तुम्ही मनाला लावून..."

"नाही, नाही!" छोटे शेठ जवळजवळ ओरडलेच. "पुन्हा 'तुम्ही' नका. आत्ता म्हणालात तसंच म्हणा ना!"

"गाढव?"

"काहीही म्हणा. पण 'तुम्ही' नका म्हणू. मी खुर्चीवर बसलो त्या सकाळी तुम्ही मला 'या छोटे शेठ, बसा' म्हणालात. मला वाटलं तुम्ही रागावलात. बाबांची जागा घेतलेली तुम्हाला आवडली नाही. त्यानंतर एकदाही तुम्ही मला... आमच्या घरात 'तुम्ही' म्हणजे आई बाबांवर चिडली की म्हणते ते."

मास्तर त्यांच्याकडे बघतच राहिले. "अरे वेड्या," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "तू मालक झालास. चारचौघांत मी तुला 'अरे-तुरे' केलं, तर बाकीचे तुला किंमत देतील का? तुझा मान मी नाही ठेवायचा तर कोणी?"

माझ्या डोक्यात आत्ता उजेड पडला, आणि उजेड पडल्यावर मला जो राग आला, तो मी आवरला नाही. "म्हणजे तो नियम?" मी म्हटलं. "तो शिबिरातला नव्हे?"

छोटे शेठ कापडाकडे बघून म्हणाले, "शिबिरात फक्त मोकळं बोला म्हणून सांगितलं होतं. आता एकट्या मास्तरांना कसं सांगणार होतो, की मला 'तू' म्हणा म्हणून? म्हणून सगळ्यांनाच लावला."

"एका 'तू'साठी अख्खा कारखाना मुका केलात! पडदा बोंबलला, मावशी कचेरीतल्या कारकुनासारख्या बोलायला लागल्या, मला चहा गोड लागेना..."

"ताई, भांडण नंतर करा हो," मावशी ओरडल्या. "पुढचा पट्टा द्या, मशीन रिकामं आहे माझं!"

मास्तरांनी कात्री उचलली. पट्टा कापला, सरळ. पुढचा पसरला. छोटे शेठ पुन्हा कोपऱ्याला. मग मास्तर मान वर न करता म्हणाले, "आणि मला निरोप द्यायचं काय ठरलंय?"

माझ्या हातातून टेपच गळून पडली. "मास्तर, तुम्हाला कोणी..."

"अगं, तू दाढ दुखल्यासारखं तोंड केलंस तेव्हाच कळलं. तुला खोटं कधी जमलंय? मी घरी सांगूनसुद्धा टाकलं. सून म्हणाली, बरं झालं बाबा, आता तुम्ही बसा." हे सांगताना मास्तर हसले, पण ते हसणं मला बघवलं नाही. त्या क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली आणि या माणसाबद्दल इतकी माया दाटून आली, की मी टेप उचलायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकले आणि बराच वेळ तिथेच राहिले.

वरून छोट्या शेठचा आवाज आला. मालकाचा नव्हे, शाळेतून आलेल्या पोराचा.

"नका ना जाऊ मास्तर. बाबा गुडघे घेऊन घरी बसले, इथे सगळे मला शेठ म्हणतात. तुम्ही गेलात तर मला 'तू' म्हणणारं इथे कोण राहील?"

मी बाहेर आले तेव्हा ते चष्मा कपाळावर सारून मखमलीवर वाकले होते, आणि खडूची रेघ अर्ध्यावरच थांबली होती. टाचणीने आपला हात पुढे करून ती रेघ पुरी केली आणि काही म्हटलं नाही. तिच्या जिभेसाठी हे फारच झालं.

"कोण चाललंय?" अखेर मास्तर खेकसले. "साधा कोपरा सरळ धरता येत नाही, आणि म्हणे मालक. तुझ्या भरवशावर टेबल टाकून मी घरी बसू?"

छोट्या शेठच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ते पुसायला त्यांनी एक हात कापडावरून उचलला, तेवढ्यात मास्तर केवढ्यांदा तरी ओरडले, "अरे, सोडू नकोस!"

"नाही सोडत," छोटे शेठ म्हणाले, आणि तसेच रडत रडत, दोन्ही हातांनी कोपरा धरून उभे राहिले.